महिन्याच्या ग्राफमध्ये पीक (कमाल वापर) कुठे गेलं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: महापेच्या ऑफिसातून वागळे इस्टेटचं युनिट, भिवंडीचं गोदाम आणि इंटरनेटच्या दोन लिंक तुम्ही कॅक्टायवर, म्हणजे लिंकच्या वापराचे ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर बघता. साहेबांना भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्या लिंक एकाच ग्राफमध्ये हव्या आहेत, म्हणून रंग आणि रेषा कशा बदलायच्या ते तुम्हाला हवंय. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की भिवंडीचा रात्री दहाचा अर्ध्या तासाचा बॅकअप दिवसाच्या ग्राफमध्ये ९० एमबीपीएस दिसतो, महिन्याच्या ग्राफमध्ये तोच ३० वर येतो, मग सॉफ्टवेअर बिघडलंय का?

रंगांचं सांगते, पण नंतर. ते जाता जाता लिहिलेलं वाक्य आधी घेऊ, कारण आकडा कुठून येतो हे कळल्याशिवाय ग्राफ सजवला तर तो सजवलेला चुकीचा ग्राफ होतो. मी ऐरोली-रबाळे पट्ट्यात १७ वर्षं नेटवर्कचं काम करते, त्यातली पहिली ५ वर्षं नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळीला काढली. या काळात ग्राफवरून घेतलेले जे निर्णय चुकलेले पाहिले, त्यातले बहुतेक सरासरीमुळे चुकले होते.

सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. कॅक्टाय स्वतः आकडे साठवत नाही, ते काम आरआरडीटूल (पुढे नुसतं आरआरडी) हे त्याच्या सोबतचं साधन करतं. त्याची फाइल पहिल्या दिवशी जेवढ्या आकाराची असते तेवढीच कायम राहते. जागा मोजकी असल्यामुळे जुना डेटा दाबून, सरासरी काढून ठेवला जातो. कॅक्टायच्या नेहमीच्या मांडणीत पाच मिनिटांचे ६०० आकडे राहतात, म्हणजे जेमतेम दोन दिवस. त्यापुढे अर्ध्या तासाच्या सरासरीचे ७००, दोन तासांच्या सरासरीचे ७७५ आणि एका दिवसाच्या सरासरीचे ७९७. महिन्याचा ग्राफ काढला की तो दोन तासांच्या कप्प्यातून आकडे उचलतो.

आता तुमचा बॅकअप मांडून बघा. दहा ते साडेदहा ९० एमबीपीएस, एरवी १० धरू. दोन तासांत ३० मिनिटं ९० आणि ९० मिनिटं १०. सरासरी बरोबर ३०. वर्षाच्या ग्राफमध्ये तोच बॅकअप दिवसभराच्या सरासरीत विरघळून १२ च्या आसपास दिसेल. आठवड्याच्या ग्राफमध्ये मात्र तुम्हाला ९० दिसत असणार, कारण तिथला कप्पा अर्ध्या तासाचा आहे आणि तुमचा बॅकअप नेमका त्यात बसतो. लिंक एकच, रात्र एकच, आणि तिची तीन वेगवेगळी उत्तरं. तिन्ही खरी आहेत. महिन्याचा ग्राफ सांगतोय की 'दोन तासांत सरासरी किती वापर झाला', आणि साहेब त्याच्याकडे 'लिंक भरते का' या प्रश्नाचं उत्तर मागतायत.

यात आपल्याकडचा आणखी एक गुंता आहे, जो इंग्रजी पानांवर सहसा वाचायला मिळत नाही. हे कप्पे जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर पडतात. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे दोन तासांचे कप्पे आपल्या घड्याळात साडेसात, साडेनऊ, साडेअकरा असे पडतात आणि दिवसाचा कप्पा पहाटे साडेपाचला सुरू होतो. सकाळी नऊ ते अकरा अशी तुमच्याकडे लॉगिनची गर्दी असेल तर ती दोन कप्प्यांत फाटते आणि आणखी बुटकी दिसते. पुढे कधी झॅबिक्स या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरकडे वळलात तर तिथेही हे लक्षात ठेवा. त्याचे ट्रेंड, म्हणजे तासातासाचे गोळा केलेले आकडे, यूटीसीच्या तासावर बांधलेले असतात, म्हणून आपल्याकडे ते साडेनऊ ते साडेदहा असे मोजले जातात. निदान तिथे प्रत्येक तासाचं किमान, सरासरी आणि कमाल असे तिन्ही आकडे जपले जातात, हे फार चांगलं आहे.

आरआरडीटूलमध्येही कमाल जपता येतं. डेटा सोर्स प्रोफाइलमध्ये, म्हणजे कुठले आकडे किती काळ ठेवायचे ते ठरवणाऱ्या मांडणीत, सरासरीच्या जोडीला 'मॅक्स' निवडलेलं आहे का ते बघा. असेल तर ग्राफ टेम्पलेटमध्ये सरासरीचा भरीव भाग तसाच ठेवा आणि त्यावर मॅक्सची एक बारीक रेषा काढा. महिन्याच्या ग्राफमध्ये ३० चा भराव आणि त्याच्या वर ९० ला टेकणारी रेषा दिसेल. या दोघांमधलं अंतरच बोलकं असतं. अंतर मोठं म्हणजे लिंक थोडा वेळ कोंबली जाते आणि बाकी वेळ मोकळी असते, तेव्हा बॅकअपची वेळ हलवा. अंतर कमी आणि दोन्ही वर म्हणजे लिंक खरोखर पुरत नाही. मॅक्स निवडलेलं नसेल तर गेलेल्या महिन्यांची पीक कायमची गेली, ती परत काढता येत नाहीत.

माझा स्वतःचा आग्रह याच्या पुढचा आहे: पाच मिनिटांचे आकडे वर्षभर ठेवा. डिस्क भरेल म्हणून लोक घाबरतात, पण हिशेब करून बघा. वर्षाचे पाच-पाच मिनिटांचे १,०५,१२० आकडे होतात. आरआरडीत एक आकडा ८ बाइट घेतो, म्हणजे सुमारे ८४० केबी. येणारं आणि जाणारं, सरासरी आणि मॅक्स असे चार संच धरले तर एका इंटरफेसला (राउटर-स्विचच्या एका जोडणीला) साडेतीन एमबीसुद्धा लागत नाहीत. तुमच्या २०० इंटरफेसना मिळून ७०० एमबीच्या आत. ही मांडणी ठरली तेव्हा डिस्क महाग होत्या. टोबी ओएटिकर यांनी १९९४-९५ मध्ये एमआरटीजी हे आधीचं ग्राफचं साधन लिहिलं ते एका ६४ केबीपीएसच्या लाइनवर काय चाललंय एवढं बघण्यासाठी, आणि त्यांचंच आरआरडीटूल १९९९ मध्ये आलं. एक लाइन, एक प्रश्न, एक ग्राफ. आपण त्या साधनावर २०० इंटरफेस टाकले, पण प्रश्न विचारायचा राहून गेला.

इंटरनेटच्या लिंकचं बिल ९५ व्या पर्सेंटाइलवर येत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. ३० दिवसांत पाच मिनिटांचे ८,६४० आकडे होतात. त्यातले सर्वांत वरचे ४३२, म्हणजे ३६ तासांचे, सोडून द्यायचे आणि उरलेल्यातला सर्वांत मोठा आकडा बिलाला धरायचा. दोन तासांच्या सरासरीवर हाच हिशेब केला तर तुमचा आकडा सहसा कमीच येणार आणि प्रोव्हायडरशी विनाकारण वाद होणार. सरळ ठरलेल्या दराची लीज्ड लाइन असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता दुसरी तपासणी, आणि इथे मी स्वतः चुकले होते. एका जुन्या नोकरीत ठाणे-ऐरोली अशी १ जीबीपीएसची लिंक होती. रात्री मोठा डेटा हलवला की ग्राफ १०० च्या वर चढायचा आणि ११४ च्या आत कुठेतरी घसरून दाते पडल्यासारखा दिसायचा. मी दोन आठवडे प्रोव्हायडरला धारेवर धरलं, रोज तिकीट, रोज फोन. लिंक ठणठणीत होती. आम्ही ३२ बिटचे काउंटर, म्हणजे आलेले-गेलेले बाइट मोजणारे राउटरमधले आकडे, वाचत होतो. तो काउंटर ४,२९४,९६७,२९६ बाइटनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १ जीबीपीएसवर पूर्ण भरून वाहताना हे सुमारे ३४ सेकंदांत होतं. आपण पाच मिनिटांनी एकदा वाचतो, तोपर्यंत तो आठ-नऊ वेळा फिरलेला असतो आणि आरआरडी समजतं एकदाच फिरला. पाच मिनिटांच्या पोलिंगला (म्हणजे एवढ्या वेळाने एकदा आकडा विचारला तर) ३२ बिटचा काउंटर जास्तीत जास्त ११४.५ एमबीपीएस दाखवू शकतो, त्याच्यावर काहीही नाही. त्या प्रोव्हायडरच्या माणसाची मी नंतर फोन करून माफी मागितली. त्या दिवसापासून कुठल्याही नव्या ठिकाणी ग्राफ उघडला की मी आधी ११४ ची सीमा शोधते.

उपाय सोपा आहे. इंटरफेसचे ग्राफ तयार करताना यादीत ६४ बिट काउंटरचा वेगळा पर्याय असतो, तो घ्या. त्यासाठी डिव्हाइसवर एसएनएमपीची (राउटरला आकडे विचारायच्या भाषेची) दुसरी किंवा तिसरी आवृत्ती हवी, पहिलीत ६४ बिट काउंटरच नाहीत. शक्य तिथे तिसरीच घ्या, दुसरीत पासवर्डसारखी वापरली जाणारी कम्युनिटी उघडी जाते. तुमची भिवंडीची लिंक १०० एमबीपीएसची आहे, म्हणजे आज तुम्ही या सीमेच्या जरा खाली आहात आणि म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. लिंक वाढवाल त्या दिवशी ग्राफ खोटं बोलायला लागेल.

पावसाळ्यात यातलं आणखी एक प्रकरण हमखास येतं. एमआयडीसीत लाइट जाते, यूपीएस दमतो, राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि काउंटर शून्यावर येतो. आरआरडीला वाटतं काउंटर फिरला, आणि ग्राफमध्ये आकाशाला भिडणारा एक सुळका उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी महिनाभराचं सगळं ट्रॅफिक सपाट. असे सुळके काढायची सोय कॅक्टायच्या नव्या आवृत्त्यांत आहे, पण मुळात डेटा सोर्सला कमाल मर्यादा लिंकच्या वेगाएवढी दिली की आरआरडी असा आकडा घेतच नाही, तो अज्ञात म्हणून टाकून देतं.

अज्ञात आणि शून्य यांतला फरक मात्र कृपा करून ग्राफमध्ये जपा. रस्ता खोदताना फायबर तुटली, पण राउटर चालू आणि पोचता येण्याजोगा असला, तर राउटर उत्तर देतो 'शून्य बिट', आणि रेषा तळाला टेकते. राउटरच बंद पडला किंवा तुमच्या पोलरपासून (आकडे विचारणाऱ्या मशीनपासून) तिथपर्यंतचा रस्ताच तुटला, तर उत्तर येत नाही आणि ग्राफमध्ये भोक पडतं. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा हे भोक बघून मी ठरवते की प्रोव्हायडरला उठवायचं की साइटवरच्या सिक्युरिटीला लाइट आहे का विचारायचं. काही जण ग्राफ सलग आणि सुंदर दिसावा म्हणून अज्ञात जागा शून्याने भरतात, ग्राफाना या ग्राफच्या सॉफ्टवेअरात तर मधली जागा रेषेने जोडायचा पर्याय एका क्लिकवर आहे. तसं केलं की ही खूण पुसली जाते.

आता टीव्हीकडे येऊ. सगळ्या लिंक एका ग्राफमध्ये घालू नका, असं मी साहेबांना स्पष्ट सांगेन, पण तुमच्या जागी बसून सांगणं वेगळं, म्हणून कारण देते. भिवंडी १०० एमबीपीएस, वागळे समजा २०, इंटरनेट ३००. एकाच अक्षावर काढल्या तर वागळेची लिंक पूर्ण भरली तरी ती तळाशी सरपटताना दिसेल, आणि युनिटमधला माणूस फोनवर ओरडत असेल. टीव्हीवर एमबीपीएस नको, टक्के हवेत. प्रत्येक लिंकचा छोटा स्वतंत्र ग्राफ, सगळ्यांचा अक्ष ० ते १००, ८० वर एक आडवी रेषा. लांबून बघणाऱ्याला एवढंच हवं असतं की कुठली लिंक भरत आलीय.

टक्के काढताना एक खड्डा आहे. पोर्ट १ जीबीपीएसचा असतो आणि तुम्ही घेतलेली लिंक २० ची. राउटर आपला वेग विचारल्यावर पोर्टचा वेग सांगतो. त्या हिशेबाने २० ची लिंक तुडुंब भरली तरी ग्राफ २ टक्के दाखवेल. म्हणून करारातला वेग हाताने भरा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाइटांचे ८ ने गुणलेले आकडेच घेतलेत ना, हेही एकदा बघा. बाइट आणि बिट यांची गल्लत अजूनही सगळ्यात जास्त होते.

अक्ष स्थिर ठेवावा की आपोआप बदलू द्यावा, हे बघणाऱ्यावर अवलंबून आहे. टीव्हीवर स्थिरच, नाहीतर रविवारी दुपारी २ एमबीपीएसचं ट्रॅफिकसुद्धा डोंगरासारखं दिसतं आणि कुणीतरी घाबरून तुम्हाला फोन करतं. तुम्ही स्वतः बिघाड शोधताना मात्र आपोआप बदलणाराच बरा, बारीक हालचाल त्यातच दिसते. मी एकाच डेटाचे दोन टेम्पलेट ठेवते.

येणारं आणि जाणारं ट्रॅफिक एकावर एक रचू नका. लिंक दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे भरते, त्यामुळे ६० आणि ५० ची बेरीज ११० हा आकडा कशाचाच नसतो. येणारं वर आणि जाणारं शून्याच्या खाली काढलं की डोळ्याला पटकन कळतं. रचायचंच असेल तर सगळ्या शाखांचं ट्रॅफिक इंटरनेटच्या लिंकवर रचा, तिथे बेरजेला अर्थ आहे.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे. एमआरटीजीच्या काळापासून येणारं हिरव्या भरावात आणि जाणारं निळ्या रेषेत, अशी सवय नेटवर्कवाल्यांच्या डोळ्यांना झालीय, ती मोडू नका. लाल रंग फक्त मर्यादेच्या रेषेला ठेवा. एखाद्या शाखेला लाल दिला की येणारा-जाणारा 'हे काय झालं' विचारतो. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं प्रत्येक टीममध्ये असू शकतात, म्हणून फरक नुसत्या रंगावर सोपवू नका, जाडी किंवा भराव वेगळा ठेवा. टीव्हीसाठी रेषा जाड, अक्षरं मोठी, आणि जिथून बघणार त्या खुर्चीत बसून वाचून बघा.

नावांना रंगांपेक्षा जास्त वेळ द्या. पोर्ट नंबर ग्राफच्या शीर्षकात कुणाच्या कामाचा नसतो. राउटरवर इंटरफेसच्या वर्णनात 'भिवंडी गोदाम, मुख्य लिंक' असं लिहा आणि ग्राफचं शीर्षक तिथून उचलू द्या. शिवाय काही राउटर रीबूट झाल्यावर इंटरफेसचे अंतर्गत क्रमांक बदलतात. ग्राफ क्रमांकावर बांधलेला असेल तर एका सकाळी भिवंडीच्या नावाखाली वागळेचं ट्रॅफिक दिसायला लागतं, आणि ते अगदी खरं वाटतं. ग्राफ इंटरफेसच्या नावावर बांधा, आणि राउटरवर क्रमांक कायम ठेवण्याची आज्ञा असेल तर ती द्या.

एक गोष्ट कितीही नीट ग्राफ काढला तरी दिसणार नाही. वागळेचे लोक म्हणतात व्हिडिओ कॉल तुटतो आणि ग्राफ तर मोकळा, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. १०० ची लिंक ३० सेकंद पूर्ण भरली आणि उरलेली साडेचार मिनिटं २० वर राहिली तर पाच मिनिटांचा आकडा येतो २८. तुमच्या २० च्या लिंकचंही असंच, ३० सेकंद तुडुंब आणि बाकी वेळ ४ वर असेल तर ग्राफ ६ सुद्धा गाठत नाही. ते ३० सेकंद पाच मिनिटांच्या मॅक्समध्येही नाहीत, कारण मॅक्स हे पाच मिनिटांच्या सरासऱ्यांतलं मोठं. अशा ठिकाणी त्याच इंटरफेसच्या टाकून दिलेल्या पॅकेटांचा, म्हणजे डिस्कार्डचा ग्राफ शेजारी लावा. ट्रॅफिक ३० टक्के आणि जाणाऱ्या बाजूला डिस्कार्ड चढलेले, म्हणजे लिंक क्षणाक्षणाला भरतेय. पोलिंग एका मिनिटावर आणता येईल, पण जुने स्विच इतक्या वेळा विचारल्यावर दमतात, म्हणून फक्त शाखांच्या लिंकपुरतं करा.

सुरुवात भिवंडी आणि वागळे या दोनच लिंकपासून करा. प्रोफाइल बदललं तरी आधी तयार झालेली आरआरडी फाइल आपोआप बदलत नाही, म्हणून नवं प्रोफाइल बनवून या दोन लिंकचे नवे डेटा सोर्स करा, ६४ बिट काउंटर आणि मॅक्ससह, आणि जुने ग्राफ निदान महिनाभर शेजारी चालू ठेवा. महिना झाल्यावर दोन्हींचे महिन्याचे ग्राफ साहेबांसमोर ठेवा. भिवंडीच्या नव्या ग्राफमध्ये ९० ची रेषा दिसली नाही, तर तुमची कॅक्टायची आवृत्ती, एसएनएमपीची आवृत्ती आणि प्रोफाइलमधले चारही कप्पे इथे लिहा, मी बघते.